काचेच्या नळीतलं ‘मंठा’

जालन्यातल्या मंठा चौफुलीवरून रात्रीच्या एसटीने गावाकडे निघालं की थोड्याच वेळात शहराचे दिवे मागे पडतात. मग दोन्ही बाजूंना कापसाची, तुरीची रानं आणि अंधार. मधेच एखादा ढाबा येतो आणि त्याच्या पाटीभोवती लाल-निळी रेघ पळताना दिसते. मंठ्यात उतरलं की मोबाइलचं दुकान, कटिंगचं दुकान, चहाचा गाडा, जिथे बघावं तिथे उजेडाने लिहिलेली अक्षरं. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, “निऑनचा बोर्ड आहे.” खरं तर त्या बोर्डात निऑन वायू अजिबात नसतो. ती सिलिकॉनच्या पट्टीत बसवलेली एलईडीची माळ असते. पण हे नाव काही उगाच पडलेलं नाही. ती पट्टी ज्या वस्तूची नक्कल करते, ती म्हणजे निऑनची काचेची नळी. आणि त्या नळीचं काम कळसाला पोचलं ते अमेरिकेतल्या कसिनोंच्या पाट्यांवर.

आपल्या राज्यात कसिनो नाही. १९७६ साली महाराष्ट्राने कसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरलं. गोव्याने १९७६च्याच आपल्या जुगाराच्या कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा आणि बोटींवर टेबलांवरचा खेळ चालू दिला. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाने कसिनोची पाटी पाहिली असेल तर ती बहुधा पणजीच्या मांडवीकाठी उभं राहून. जुगाराने घरं कशी बुडतात हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही, आणि या लेखाचा तो विषयही नाही. मला सांगायचं आहे ते पाटीबद्दल. उजेडाने अक्षर कसं लिहितात आणि आपली देवनागरी तसं लिहिताना काय काय अडतं, हे समजून घ्यायचं आहे. उदाहरणासाठी एकच शब्द घेऊ: ‘मंठा’.

आधी वायूचं बघू. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी हवा इतकी थंड केली की तिचा द्रव झाला. मग तो हळूहळू उकळू देत त्यातले वायू एकेक करून वेगळे केले. त्यातला एक वायू नळीत भरून वीज सोडताच लालभडक पेटला. ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव निऑन ठेवलं. हा वायू आपल्या श्वासातही आहे, फक्त फार थोडा: हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १८ भाग. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली धरली तर तिच्यातल्या हवेत साधारण अर्धा लिटर निऑन असतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण पाटीच्या नळीत वायू अगदी विरळ भरलेला असतो, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. करंगळीएवढ्या जाडीच्या एक मीटर नळीला एक घनसेंटिमीटरच्या आसपास निऑन पुरतो. म्हणजे त्या एका खोलीतल्या निऑनवर पाचशे मीटर नळी पेटेल. मंठ्याच्या बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानांची नावं लिहायला बहुधा तेवढी पुरे व्हावी.

वायू इतका विरळ का ठेवायचा? आठवडी बाजार आठवा. ऐन गर्दीत कुणाला पळायचं म्हटलं तर दुसऱ्याच पावलाला तो कुणावर तरी आदळतो. त्याला वेगच येत नाही, म्हणून धक्काही हलकाच बसतो. बाजार उठल्यावर त्याच जागी तो जोरात पळू शकतो, पण मग धडकायला समोर कुणी नसतं. नळीत पळणारा असतो इलेक्ट्रॉन आणि गर्दी असते निऑनच्या अणूंची. गर्दी अशी हवी की इलेक्ट्रॉनला पुरेसा वेग घेता यावा आणि तरीही कुणी ना कुणी वाटेत भेटावं. जोराचा धक्का बसला की अणू ती ऊर्जा क्षणभर धरून ठेवतो आणि मग प्रकाश म्हणून टाकून देतो. निऑनच्या अणूच्या रचनेमुळे हा प्रकाश मुख्यतः नारिंगी-लाल रंगातच बाहेर पडतो. म्हणून निव्वळ निऑन भरलेली साधी पारदर्शक नळी लालच पेटते, दुसरा रंग तिला जमत नाही. निळ्यासाठी आर्गॉन वायू आणि पाऱ्याचा एक थेंब लागतो. हिरवा, गुलाबी, पांढरा हवा असेल तर नळीला आतून प्रकाश बदलणाऱ्या भुकटीचा लेप देतात किंवा काचच रंगीत घेतात. तरीही बोलीत सगळ्या नळ्यांचं नाव निऑनच.

या शोधातून पाटी घडवली पॅरिसच्या जॉर्ज क्लॉद याने. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढण्याचा त्याचा धंदा होता आणि त्यात निऑन आपोआपच शिल्लक राहत असे. डिसेंबर १९१०च्या पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने सुमारे बारा मीटर लांबीच्या दोन लाल नळ्या पेटवून दाखवल्या. नळी लवकर खराब होऊ नये म्हणून तिच्या टोकाला बसवायच्या धातूच्या भागात त्याने सुधारणा केली, आणि अमेरिकेत १९१५ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९३१ मध्ये नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि लास वेगास या वाळवंटातल्या गावात एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी कसिनो उभे राहिले. सगळ्यांकडे खेळ तोच. मग रस्त्यावरच्या माणसाला आपल्याच दारात कसं आणायचं? दारावरच्या पाटीने. ही चढाओढ तीस-चाळीस वर्षं चालली, आणि पाटी कशी करावी याची जी जाण आज जगभर आहे तिचा मोठा भाग त्या चढाओढीत तयार झाला.

आता आपला शब्द हातात घेऊ.

काच वाकवणारा कारागीर आधी कागदावर अक्षर पूर्ण मापाचं काढतो, पण उलटं, आरशात दिसतं तसं. कारण काम करताना अक्षराची पाठ त्याच्याकडे असते आणि दर्शनी बाजू खाली कागदाला टेकलेली असते, त्यामुळे पुढची बाजू सपाट येते. काचेच्या नळ्या साधारण चार-चार फुटांच्या येतात. नळीचं एक टोक बुचाने बंद करून दुसऱ्या टोकाला तो रबरी नळी जोडतो आणि ती तोंडात धरतो. मग जिथे वाक हवा तेवढाच भाग जाळावर गोल गोल फिरवत तापवतो. काच लोंबू लागली की ती जाळावरून काढून कागदावरच्या रेघेवर ठेवायची, वाकवायची आणि त्याच वेळी तोंडाने हलकी फुंकर घालायची. फुंकर नसेल तर वाकाच्या जागी नळी चेपते, पाण्याच्या पाइपला मुरड पडल्यावर चेपतो तशी. आणि हे सगळं काच घट्ट व्हायच्या आत, मोजक्या सेकंदांत. साचा नाही, यंत्र नाही. हातात आलेली काच बघून अंदाजाने करायचं हे काम आजही जगभर असंच होतं.

अडचण पुढे आहे. नळी म्हणजे एकच सलग वाट, तिला फांदी फुटत नाही. एका टोकातून वीज शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते. रोमन लिपीतला ‘कसिनो’ हा शब्द वळणदार अक्षरांत जवळजवळ हात न उचलता लिहिता येतो, म्हणून तो नळीला मानवतो. ‘मंठा’ तसा मानवत नाही. ‘म’ची डावी रेघ वरून खाली येते, गाठ घेते, आडवी होऊन उजव्या उभ्या दांड्याला मधेच भेटते. तिथे तो दांडा वरही जातो आणि खालीही. नळीने जायचं कुठे? कारागीर नळीला तिथे मागच्या अंगाला वळवतो, मागून वर नेतो, माथ्याशी पुन्हा पुढे काढतो आणि मग सरळ खाली सोडतो. मागून गेलेल्या भागाला काळा रंग देतात. तो भागही पेटलेला असतो, फक्त आपल्याला दिसत नाही. ‘ठ’ मात्र नळीसाठीच घडवल्यासारखा आहे: वरून छोटी उतरण, मग गोल फेरी, की झालं. तिथून पुन्हा मागून वर, पुढे येऊन काना. कान्याच्या पायापासून मागून परत माथ्यावर आणि उजवीकडून डावीकडे सलग शिरोरेघ. राहिला अनुस्वार. टिंब काढायला नळी मागून बघणाऱ्याच्या दिशेने पुढे आणतात आणि लगेच मागे वळवतात. या वळणाचा शेंडा तेवढा उघडा ठेवून बाकी काळं करतात. समोरून तो टिंबासारखा दिसतो.

एक फूट उंचीची अक्षरं धरली तर या शब्दाला, मागच्या लपवलेल्या वाटांसकट, दहा-अकरा फूट नळी लागेल. म्हणजे तीन नळ्या जाळावर एकमेकींना जोडाव्या लागतील. जी वाट दिसणार नाही ती आखण्यात कारागिराचा निम्मा वेळ जातो. शिरोरेघेबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे. अक्षरं तिला अगदी चिकटवली तर दोन नळ्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि अक्षराचा माथा फुगलेला दिसतो. बोटभर जागा सोडून अक्षर तिच्याखाली टांगलं की रात्री आपली नजर ती जागा स्वतःच भरून काढते आणि अक्षर स्वच्छ वाचलं जातं. कागदावर जी देवनागरी सुंदर दिसते ती जशीच्या तशी उजेडात उतरवू नये. उजेड कडेबाहेर सांडतो, म्हणून अक्षरांमधलं अंतर आणि अक्षरांच्या पोटातली जागा कागदापेक्षा मोकळी ठेवावी लागते.

नळी वाकवून झाली की दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या काचेत बसवतात. त्यानंतरचा टप्पा सगळ्यात धोक्याचा. नळीतली हवा बरीचशी ओढून घेतात आणि तिच्यातून मोठ्या ट्रान्सफॉर्मरने जोरदार वीज सोडतात. वीस हजार व्होल्टपर्यंतही. काच भाजून निघते आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटलेली ओल, धूळ, तेलाचा अंश सुटून बाहेर येतो. काच पुरेशी तापली का, हे जुने कारागीर वर्तमानपत्राचा तुकडा नळीवर टाकून बघतात. तो करपू लागला की झालं. मग पंपाने उरलंसुरलं सगळं ओढून नळी रिकामी करतात, थंड झाल्यावर मोजून निऑन सोडतात आणि पंपाशी जोडलेली बारीक नळी जाळाने वितळवून कायमची बंद करतात. या साफसफाईत कसूर झाली तर नळी काही महिन्यांत टोकाकडून काळवंडते. नीट केलेली नळी दहा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकते, कारण तिच्यात बल्बसारखी जळून तुटणारी तारच नसते.

पेटवायला घरातले २३० व्होल्ट पुरत नाहीत. आपल्या ‘मंठा’ला तीन-चार हजार व्होल्ट लागतील. मोठ्या पाट्यांचे ट्रान्सफॉर्मर पंधरा हजारांपर्यंत देतात, मात्र प्रवाह अगदी थोडा, तीस किंवा साठ मिलिअँपिअर. तो ट्रान्सफॉर्मरच रोखून धरतो आणि ते गरजेचंही आहे. एकदा वायू पेटला की त्याचा विरोध कमी होत जातो, आणि लगाम नसेल तर प्रवाह वाढत जाऊन नळी किंवा वायरिंग जळेल. थोडा प्रवाह म्हणजे निर्धोक, असा अर्थ कुणी काढू नये. तीस मिलिअँपिअर माणसाचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. पावसाळ्यात धूळ आणि ओल बसून नळीच्या आधारांवरून वीज झिरपू लागते, तिचा चरचर आवाज येतो. तो ऐकू आला की आधी बटण बंद करायचं.

इथवर एका नळीचं झालं. कसिनोची पाटी नळीपेक्षा बरंच काही असते. प्रत्येक अक्षर पत्र्याच्या खोल तबकासारखं घडवतात, आतून रंगवतात आणि त्यात नळ्यांच्या दोन-तीन रांगा बसवतात. तबकाच्या भिंतीमुळे उजेड बाजूला सांडत नाही, शिवाय दिवसा दिवे बंद असतानाही रंगीत अक्षर वाचता येतं. अक्षर केवढं करायचं याचा धंद्यातला ढोबळ हिशेब असा: दहा फूट अंतराला एक इंच उंची. फाट्यावरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तीनशे फुटांवरून नाव सहज वाचता यावं, असं वाटत असेल तर अक्षर तीस इंचांचं हवं. हा हिशेब साध्या अक्षरांचा. आपल्या लिपीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून तो फक्त मधल्या अक्षराचा धरावा आणि वर-खाली जागा वेगळी सोडावी, असं मला वाटतं. कित्येक पाट्यांवर मात्रेला जागाच उरत नाही आणि ‘हॉटेल’चं ‘हाटल’ होऊन बसतं.

नळीच्या जोडीला साधे बल्ब असतात, शेकड्यांनी, आणि ते पळतात. खरं तर एकही बल्ब जागचा हलत नाही. रांगेतले बल्ब तीन गटांत वाटतात: पहिला, चौथा, सातवा एका तारेवर, दुसरा, पाचवा, आठवा दुसऱ्या, तिसरा, सहावा, नववा तिसऱ्या. तारा एकामागून एक पेटवल्या की उजेड एका दिशेने सरकतोय असं वाटतं. जर्मनीत मॅक्स वर्टहाइमरने १९१२ मध्ये दाखवून दिलं की हे सरकणं डोळ्यासमोर घडत नाही, मन ते रचतं. दोन गट का पुरत नाहीत? दोनच असतील तर बल्ब नुसते आलटून पालटून लुकलुकतात. पुढचा आणि मागचा शेजारी एकाच वेळी पेटतो, म्हणून दिशा ठरत नाही. तिसरा गट आला की डावं-उजवं कळू लागतं, आणि बाणाला दाराकडे बोट दाखवता येतं.

लास वेगासच्या जुन्या पाट्यांत हे काम छोट्या मोटारीवर फिरणारी चाकं करत. ती फिरता फिरता एकेक संपर्क जोडत आणि तोडत. गणपतीच्या मंडपातला जुना लायटिंगवाला हेच लाकडी रुळावर करायचा. रुळावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यांना टेकलेल्या धातूच्या जिभा, आणि मोटार रूळ फिरवते. पट्टी जेवढी लांब तेवढा वेळ माळ पेटलेली. मोर पिसारा फुलवतो, चक्र फिरतं, सगळी गोष्ट त्या पट्ट्यांच्या लांबीत लिहिलेली. वाळवंटातल्या कसिनोचा कारागीर आणि आपल्या गल्लीतला लायटिंगवाला, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण हातातली युक्ती एकच होती. या लायटिंगवाल्यांच्या कामाची कुठे नीट नोंद झाली नाही, याची मला खंत आहे.

लास वेगासमधल्या दोन पाट्या सांगतो. १९५१ साली पायोनियर क्लबवर उभा केलेला चाळीस फुटी काउबॉय, हात हलवून येणाऱ्यांना बोलावणारा. आणि १९५९ साली बेटी विलिस या बाईंनी रेखाटलेली, शहराच्या वेशीवरची स्वागताची पाटी. तिची उंची सगळी पंचवीस फूट, पण तिच्यात क्रम आहे. वर तारा, त्याखाली ‘स्वागत’चं एकेक अक्षर चांदीच्या नाण्यासारख्या एकेका गोलात, मग शहराचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि भोवती पळणारे पिवळे बल्ब. नजर कुठून शिरेल आणि कुठे थांबेल हे आधी ठरवलेलं आहे. त्या बाईंनी तिचा हक्क कधी राखून ठेवला नाही, म्हणून तिची नक्कल जगभर दिसते.

पाटी पेटण्याचा क्रम हाही रचनेचाच भाग. आधी चौकट, मग अक्षरं एकेक करून, मग सगळं एकदम, आणि मग क्षणभर पूर्ण अंधार. तो अंधार फार महत्त्वाचा, कारण सतत पेटलेल्या गोष्टीची नजरेला सवय होते. देवनागरीत हा क्रम लावताना एक पथ्य पाळावं लागतं. ‘म’ पेटल्यावर अनुस्वार मागाहून पेटला तर तेवढा वेळ लोक ‘मठा’ वाचतात. काना मागे राहिला तर ‘मंठ’. म्हणून ‘मं’ एकदम आणि ‘ठा’ एकदम पेटायला हवं, शिरोरेघेचा वरचा तुकडाही त्यांच्यासोबतच. रोमनमध्ये एखादं अक्षर विझलं तर शब्द बोबडा होतो. आपल्याकडे एक टिंब विझलं की शब्दच दुसरा होतो.

आज मांडवीतल्या बोटींवर जो झगमगाट दिसतो तो एलईडीचा. निळा एलईडी १९९०च्या दशकात जपानमध्ये हाताशी आला आणि लाल, हिरवा, निळा मिळून पडद्यावर हवा तो रंग काढता येऊ लागला. या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळालं. पणजीच्या काठावरून बघताना बोटीची पाटी दोनदा दिसते, एकदा बोटीवर आणि एकदा पाण्यात. पाण्यातली अक्षरं लाटांनी उभी ताणली जातात, वाचता येत नाहीत, उरतात फक्त रंगाचे लांब पट्टे. नदीवरची पाटी करणाऱ्याने खालच्या या दुसऱ्या पाटीचाही विचार करायला हवा. एकच ठळक रंग पाण्यात शोभतो, दहा रंगांचा नुसता गाळ होतो.

मंठ्यात आपल्याला रोज भेटतात ते दोन प्रकार. एक म्हणजे सुरुवातीला सांगितलेली सिलिकॉनची पट्टी, बारा व्होल्टवर चालणारी. हात लावला तरी झटका बसत नाही, आणि ठरावीक खुणांवर कापता येते. नळीसारखी मागून फिरवायची कटकटही नाही. जिथे फांदी हवी तिथे वेगळा तुकडा लावून पाठीमागून तार जोडायची. म्हणजे नळीत ‘म’साठी करावी लागणारी सगळी कसरत इथे वाचते. देवनागरी उजेडात लिहायला आजवर इतकं सोपं साधन मिळालं नव्हतं. फक्त माळ लांबली की शेवटचं टोक मंद पडतं. तेव्हा दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

दुसरा प्रकार म्हणजे सरकणाऱ्या लाल अक्षरांचा बोर्ड. त्याला बाजारात ‘पी-टेन’ म्हणतात, कारण दोन दिव्यांमधलं अंतर दहा मिलिमीटर असतं. एका तुकड्यात आडवे ३२ आणि उभे १६, म्हणजे ५१२ दिवे. या १६ ओळींत देवनागरी कशीबशी बसते: वर मात्रेला चार, शिरोरेघेला एक, अक्षराला आठ, खाली उकाराला तीन. ‘मंठा’ नीट येतो. ‘मोसंबी’ही येतं. पण ‘कृषी सेवा केंद्र’ लिहिलं की ‘कृ’ आणि ‘द्र’ची गिचमीड होते, आणि जोडाक्षरं मोडून मधे हलन्ताचा पाय लोंबू लागतो. त्यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही: तुकड्यांची एकाऐवजी दुहेरी ओळ घ्यायची. ३२ ओळी मिळाल्या की जोडाक्षराला श्वास घेता येतो. मजकूर भरायच्या आधी तो चित्र म्हणून तयार करून टाकला तर अक्षरं मोडतही नाहीत.

पुढच्या वेळी दुकानाचा बोर्ड करून घ्याल तेव्हा तो बनवणाऱ्याच्या टेबलावर बघून पास करू नका. अंधार पडल्यावर तो दारावर धरायला सांगा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहा. आधी टिंबं बघा, मग मात्रा, मग उकार. तिथून वाचता आलं तरच खिळे ठोकायला सांगा.